पायाखालचे रंग

एप्रिल सरत आला की आमच्या दुकानात येणारे फोन बदलतात. एरवी फोन करणाऱ्याला घाई असते. कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस उद्यावर आलेला असतो, नाहीतर फोटोतला चष्मा काढून गॉगल लावायचा असतो. या दिवसांत मात्र एकेक गुरुजी, एकेक मॅडम फोन करतात आणि जरा चाचरत विचारतात, ते रेघांचं शाळेचं डिझाइन तुमच्याकडेच आहे ना. मी हो म्हणते. खुर्ची पुढे ओढते, फाइल उघडते आणि स्क्रीनवर चार रंगांच्या चार रेघा दिसतात. बाकीच्यांना मे महिन्यात आंबे आठवतात. मला माण तालुक्यातली एक भिंत आठवते आणि टर्पेंटाइनचा वास आल्यासारखा वाटून मी उगाच हात पुसते.

आमचं फ्लेक्सचं दुकान आष्ट्यात आहे. दुकान नवऱ्याचं, महावीरांचं. मशीन त्यांचं, गिऱ्हाईक त्यांचं आणि डिझाइन करायच्या खुर्चीत मी. खोलीला पूर्वी एक खिडकी होती. रस्त्याची धूळ येऊन मशीन बिघडायला लागलं तेव्हा ती विटा लावून बुजवली. एसी आहे, पण तो मशीन तापू नये म्हणून. त्याचा गारवा मला मिळतो तो मशीनच्या कृपेने. बाहेर ऊन आहे की सांज झाली हे दाराच्या काचेवरून कळावं, तर त्या काचेवरही आम्ही आमचंच स्टिकर चिकटवून ठेवलंय. लग्न झाल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून मी या खुर्चीत आहे.

मी सांगलीला चित्रकलेच्या कॉलेजात शिकले. मला लहान मुलांसाठी चित्रं काढायची होती. आमचे एक सर म्हणायचे, मुलांसाठी काढताना आधी रेघा कमी करा, मग रंग कमी करा आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं शहाणपण कमी करा. फ्लेक्सचं शास्त्र बरोबर उलटं. रिकामी जागा दिसली की गिऱ्हाईक म्हणतं, इथं कायतरी टाका की वहिनी. मग तिथे गुलाब, तिथे सोनेरी किरणं, तिथे डरकाळी फोडणारा सिंह आणि सिंहाच्या पोटात शुभेच्छुकांचे फोटो. कुणाचा फोटो कुणापेक्षा नखभर मोठा झाला यावरून दुकानात भांडणं झालेली मी पाहिलीत. हे सगळं मी वर्षानुवर्षं केलं आणि चांगलं केलं, तिथेच माझं चुकलं. चांगलं काम करणाऱ्याला कुणी खुर्चीतून उठू देत नाही.

तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये सुनंदाचा फोन आला. सांगलीला वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो, मी चित्रकलेला आणि ती डी.एड.ला. आता ती माणमधल्या एका लहानशा गावात मुख्याध्यापिका आहे, पहिली ते चौथीच्या शाळेची. सुट्टीत शाळा रंगवायची होती. रंगाचे डबे गावाने आणून ठेवले होते. नेहमीचा पेंटर येईल आणि नेहमीची चित्रं काढून जाईल, त्यापेक्षा तू ये, असं ती म्हणाली. मग खरी गोष्ट सांगितली. आसपासच्या शाळा ज्यांच्या हाताखाली असतात त्या केंद्रप्रमुख साहेबांना काम आवडलं, तर बाकीच्या शाळाही तुलाच मिळतील.

मी यांना सांगितलं. हे तसे मवाळ. जेवता जेवता म्हणाले, "जा. मे महिना तुझा. साहेबांनी बाकीच्या शाळा दिल्या तर तू शाळाच रंगव, खुर्चीत मी माणूस बसवतो. न्हाई दिल्या तर मग पुन्हा कुरकुर नको." इतका साधा करार. ती एक शाळा पास झाली की मी सुटणार होते. पुढचे दोन महिने मी भाकरी थापतानासुद्धा मनात भिंती रंगवत होते.

एसटी आष्ट्याहून निघाली तेव्हा दोन्ही बाजूंना ऊस होता. औंधच्या पुढे गेलो, यमाईचा डोंगर मागे पडला आणि हळूहळू हिरवा रंग संपला. मग फक्त मातकट, करडं, तपकिरी. आधी वाटलं इथे बघण्यासारखं काही नाही. दोन दिवसांनी डोळे सरावले तेव्हा त्या तपकिरीतच मला वेगवेगळे रंग दिसायला लागले: नांगरलेल्या ढेकळाचा एक, वाळल्या कुसळाचा एक, मेंढराच्या वाटेचा एक. वारा दिवसभर असायचा. उघड्या डब्यातल्या रंगावर दुधासारखी साय धरायची आणि ओल्या भिंतीवर धूळ येऊन बसायची. दुपारी लिंबाच्या सावलीला बसून मी आणि सुनंदा कांदा फोडून भाकरी खायचो. आष्ट्यात मला भूक लागते ती घड्याळ बघून, तिथे खरोखरची लागायची.

शाळेच्या भिंती बोलक्या असाव्यात असं वरून सांगितलेलं असतं. म्हणजे त्यांच्यावर मुलांना शिकवणारी चित्रं असावीत. कल्पना चांगली आहे, पण त्या शाळेच्या जुन्या भिंती बोलत नव्हत्या, वटवट करत होत्या. पाढे, ग्रह, वाहतुकीचे नियम, राष्ट्रीय पक्षी, हात धुवायच्या पायऱ्या, जिल्ह्याचा नकाशा आणि दारावर उरलेल्या वीतभर जागेत सुविचार. एका चित्रात आई पोळ्या लाटत होती आणि बाबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्या गावातले निम्मे बाबा मुंबईला होते आणि आया मेंढरांमागे. मी म्हटलं, सगळं पांढरं करू आणि एका भिंतीवर एकच चित्र काढू. सुनंदाचे सहकारी माने गुरुजी घाबरले. जागा मोकळी दिसली तर तपासणीला आलेला माणूस विचारतो की इथं काम का केलं नाही, असं त्यांचं म्हणणं. इतक्या लांब येऊनही मला दुकानातलंच गिऱ्हाईक भेटलं होतं. सुनंदाने त्यांची समजूत घातली, निदान एका बाजूच्या भिंतींपुरती.

पहिलं चित्र मी मेंढीचं काढलं. गोल पांढरं अंग, चार काळे पाय, गालात हसू. सुट्टी असली तरी गावातली पोरं पटांगणात असायचीच, कारण सावली तिथेच होती. ती चित्रासमोर येऊन उभी राहिली. त्यात राणी होती, जूनमध्ये पहिलीत जाणारी, घरी मेंढरं असलेली. तिने पुष्कळ वेळ पाहून विचारलं, हा कापूस आहे का. मी म्हटलं, मेंढी आहे. बाकीची पोरं हसून लोळायची बाकी राहिली. राणी मात्र मोठ्या माणसासारखं समजावून म्हणाली, "मेंढीचं नाक असं नसतंय, वाकडं असतंय. आन् ती एवढी धुतल्याली नसती."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिची मेंढरं बसलेली होती तिथे गेले. नाक खरंच बाकदार होतं, पोपटाच्या चोचीसारखं. कान लोंबते, अंगावर तपकिरी ठिगळं, पायाला चिखल. मी काही जन्मात मेंढी पाहिली नव्हती असं नाही. पण ब्रश हातात घेतल्यावर मला मेंढी आठवलीच नव्हती. कुणीतरी काढलेलं मेंढीचं चित्र आठवलं होतं, तेही इंटरनेटवरचं, कुठल्या तरी थंड मुलखातल्या मेंढीचं. खुर्चीत बसून बसून मी चित्रांची चित्रं काढायला शिकले होते. मला फार लाज वाटली. शाळेत येऊन भिंत पुसली आणि मेंढी पुन्हा काढली. या वेळी रेघा मोजून सात, रंग दोन. राणी लांबून येत होती, तिने तिथूनच मेंढीला हाक घालतात तसा आवाज काढला.

आता त्या रेघांकडे येते. शाळेच्या फाटकापासून खोल्यांपर्यंत कोबा केलेलं पटांगण होतं, एका अंगाला कुंपणाची भिंत आणि काटकोनात चार खोल्या. प्रत्येक दारावर पाटी: इयत्ता पहिली, इयत्ता दुसरी. सुनंदा म्हणाली, जूनमध्ये पहिलीची पोरं रडत रडत कुठल्याही खोलीत शिरतात, आठवडाभर त्यांना शोधून आणावं लागतं. मला हसू आलं. ज्याला वाचता येत नाही त्याला, वाचायला कुठल्या खोलीत शिकवतात, हे आपण लिहून सांगतो. मी ठरवलं की पोरांना रंगाने न्यायचं. फाटकापासून प्रत्येक दारापर्यंत जमिनीवर एकेक रेघ. पहिलीची पिवळी, दुसरीची हिरवी, तिसरीची निळी, चौथीची भगवी. रेघ धरून चाललं की आपला वर्ग येतो, इतकं सोपं.

सुतळीला खडूची पूड चोळायची, दोन टोकांना ताणायची आणि मधे उचलून सोडायची, की जमिनीवर सरळ खूण उमटते. त्या खुणेवर मी गुडघ्यांवर बसून चार दिवस रंग भरला. कोबा इतका तापायचा की गुडघ्याखाली पोतं घ्यावं लागे. कंबर मोडली, तोंड रापलं. आणि मला इतकं सुख झालं की ते कुणाला सांगायची सोय नव्हती. मान वर केली की आभाळ दिसत होतं, एवढंच त्याचं कारण असावं. संध्याकाळी पोरं रेघांवरून टाच-चवडा, टाच-चवडा करत चालली. मी यांना फोनवर सांगितलं की माणूस बघायला लागा.

हे लिहिताना आता कपाळावर हात मारावासा वाटतो. आमच्या भागात रंगांचा धंदा करणाऱ्या बाईला हे कळू नये? भगवा कुणाचा, निळा कुणाचा, हिरवा कुणाचा, पिवळा कुणाचा, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. आमच्या घरच्या जैन ध्वजात तर पाच रंग, म्हणजे आम्हाला कुठल्याच रंगाशी वाकडं परवडत नाही. चौकातला जयंतीचा फ्लेक्स वाऱ्याने खाली पडला, तर लोक गाडी थांबवून तो उचलतात आणि कडेला नीट उभा करतात. दुकानात छापलेलं कापड जमिनीवर पसरलेलं असतं तेव्हा हे मला रोज ओरडतात, बाजूने जा, पाय पडेल. आणि मी उंटावरची शहाणी, ते चारही रंग उचलून पोरांच्या पायाखाली घालून आले होते. शाळेच्या फाटकाच्या आत रंग म्हणजे नुसता रंग असतो, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार वस्त्यांवरून चार माणसं आली. वेगवेगळी आली, आपापल्या रंगाची तक्रार घेऊन आली, आणि फाटकात एकमेकांना बघून जरा गोंधळली. प्रत्येकाला स्वतःचीच रेघ दिसली होती. बाकीच्या तीनही रंगांवर पाय पडतोय हे कळल्यावर त्यांची अशी एकी झाली की तशी गावाने आधी कधी पाहिली नसेल, असं सुनंदा नंतर हसत म्हणाली. तेव्हा मात्र तिचं तोंड उतरलं होतं. तिने शाळेच्या पालक समितीची बैठक लिंबाखाली बोलावली. अध्यक्ष तात्या, फौजेतून निवृत्त झालेले, पाठ अजून सरळ. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, रंग तुमी लय झ्याक दिलाय. पर त्यो पायाखाली का दिला?"

कुणी म्हणालं, आजच्या आज पुसा. माने गुरुजींनी तोडगा काढला की चारही रेघा चॉकलेटी करू, सरकारी दारांसारख्या, म्हणजे कुणाचंच काही म्हणणं राहणार नाही. मी विचारलं, सगळ्या चॉकलेटी केल्या तर पोरांनी आपली रेघ ओळखायची कशी. कुणीतरी म्हणालं, मग रेघाच कशाला पाहिजेत. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असं झालं. मी मनाने तेव्हाच एसटीत बसले होते. ती बुजवलेली खिडकी, ती खुर्ची, तो सिंह, सगळं मला दिसत होतं. चारचौघांत रडू नये म्हणून मी पायाच्या अंगठ्याला लागलेला रंग खरवडत बसले.

सुनंदा एकदा बोलली. म्हणाली, पोरगं कुणाचंही असो, चार वर्षांत ते चारही दारांतून जाणार आहे. कुठलाही रंग एकाच्याच वाट्याला येत नाही. तात्यांनी मान हलवली आणि म्हणाले, मॅडम, ते खरं आहे, पण पाय तो पायच. पुन्हा सगळे जमिनीकडे बघायला लागले. राणीची आई समितीत होती, बाजूला व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "आवं तात्या, पायाला चालत न्हाई म्हंता. मग हाताला चालतंय का?"

तात्या म्हणाले, हाताला न चालायला काय झालं.

"मग रेघ उचला की वर. भितीवर घ्या. पोराचा हात पुरंल एवढ्यावर."

बैठक तिथेच संपली. दोन दिवस टर्पेंटाइन आणि तारेचा ब्रश घेऊन मी कोबा घासला. मग राणीला कुंपणाच्या भिंतीशी उभी केली, तिचा हात आडवा धरला आणि तिथे खूण केली. त्या खुणेपासून चार रेघा एकीवर एक, फाटकापासून निघून व्हरांड्यातून जाणाऱ्या. प्रत्येक दाराशी एकेक रेघ आत वळायची आणि बाकीच्या पुढे जायच्या. पहिलीची सगळ्यात खाली, चौथीची सगळ्यात वर. तात्या येऊन भिंतीपुढे उभे राहिले. हे वर-खाली कसं, असं त्यांनी विचारलंच. सुनंदा म्हणाली, पोरगं उंच होईल तशी त्याची रेघ वर. तात्या हसले, आणि स्वतः भिंतीला हात लावून पहिलीच्या दारापर्यंत वाकून चालत गेले.

शाळा उघडली त्या सकाळी मी फाटकाजवळ उभी होते. पोरं रडायची ती रडलीच. पण रडता रडता हात भिंतीला लावून चालत होती. राणी नवी रिबीन बांधून आली. तिने पिवळ्या रेघेवर तळवा ठेवला आणि कुणाकडे न बघता चालायला लागली. रेघ वळली तशी ती वळली, दारात थांबून आत पाहिलं आणि जाऊन बसली. तिच्यामागून एक, त्याच्यामागून एक. कुणी कुणाला शोधायला गेलं नाही. माझ्या आयुष्यात मी केलेलं एखादं काम इतकं बरोबर झालेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. केंद्रप्रमुख साहेब आले, त्यांनी फोनवर सगळं चित्रित केलं आणि म्हणाले, आपल्या केंद्राच्या सगळ्या शाळांत असंच पाहिजे. मी सुटले होते.

मग त्यांनी विचारलं, किती दिवसांत होईल. मी म्हटलं, एका शाळेला महिनाभर. आधी जाऊन भिंत बघावी लागेल, पोरांचा हात बघावा लागेल, तिथे कुठली जनावरं आहेत ते बघावं लागेल. साहेबांचा चेहरा उतरला. शाळा उघडल्यात, पंधरवड्यात पाहिजे, म्हणाले. त्यांनी आमच्या दुकानाचा नंबर घेतला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथे फोन लावला, आणि हे म्हणाले, फ्लेक्सवर देतो की साहेब. मी घरी आले तेव्हा यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. तुझं काम मी हातचं जाऊ दिलं नाही, म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी मला मदत केली.

सगळं यांच्या माथी मारणं सोपं आहे. पण यांनी मला विचारलं होतं, फाइल करून देशील ना. मी नाही म्हणू शकले असते. माझ्या मनात आलं, ही एवढी वेळ निभावून नेऊ, पुढच्या मे महिन्यात हाताने करू. आणि दुसरंही आलं, तेही सांगून टाकते. माझी मेंढी इतक्या शाळांत जाणार याचा मला लोभ सुटला. भिंतीला महिना लागला होता. रेघा आणि मेंढी मिळून फाइल एका दुपारीत झाली. खुर्चीत बसायला ठेवलेल्या माणसाला ती नीट उघडता येईना, त्याचा भगवा लाल यायचा आणि पिवळ्यावर हिरवट झाक. दोन महिन्यांत तो गेला, आणि खुर्ची पुन्हा माझी झाली.

पुढे डिझाइन माणच्या बाहेर पडलं. एका शाळेने दुसरीला पाठवलं, दुसरीने तिसरीला. एकदा आष्ट्याजवळच्या एका शाळेत मी मुद्दाम बघायला गेले. चारही बाजूंना ऊस. फ्लेक्स फळ्याच्या वर ठोकला होता, पोरांनी ओढू नये म्हणून पुरता सहा-सात फुटांवर. रेघा डाव्या कडेपासून निघाल्या होत्या आणि उजव्या कडेला संपल्या होत्या. मधे कुठलं दार नव्हतं. तिथल्या बाई म्हणाल्या, छान दिसतंय, पण पोरं मेंढीला गाढव म्हणतात, तिचं नाक तेवढं सरळ करता येईल का. मी हो म्हटलं आणि पाणी पिऊन निघाले. दुकानात येऊन नाक सरळ केलं.

पूर्वी या खोलीत मी दुसऱ्यांचे चेहरे लावायचे. ते काम माझं नाही, असं निदान म्हणता यायचं. आता स्वतःचंच चित्र पुन्हा पुन्हा छापते आणि त्याला माझं नाही म्हणायची सोय उरली नाही. कधी फार कोंडल्यासारखं झालं की मी चहाच्या निमित्ताने बाहेर जाते आणि उन्हात उभी राहते. यांना ते कळतं. हे एकदा मला म्हणाले, "तुझंच डिझाइन एवढ्या शाळांत चाललंय. अजून काय पाहिजे?" यात टोमणा नव्हता. ते खरोखर विचारत होते. मी "काही नाही" म्हटलं आणि पुढची फाइल उघडली.

परवा सुनंदाचा फोन आला. मशीन चालू होतं, म्हणून मी कानावर दुसरा हात ठेवून ऐकलं. म्हणाली, राणी आता चौथीत जाईल. रेघा पार घासून गेल्यात, पोरांचे हात लागून लागून. पिवळी तर जवळजवळ दिसतच नाही, आतला गिलावा उघडा पडलाय. जूनमध्ये नवी पोरं येतील. "तू ये गं," म्हणाली. "चारच दिवस ये. रंग आणून ठेवलाय."

माझ्या समोर भिंतीवर ऑर्डरींचे कागद टाचलेले होते, एकावर एक. हे डिलिव्हरीला गेले होते. येते, हा शब्द अगदी ओठावर होता. मी म्हटलं, "यंदा नाही जमायचं गं. सीझन आहे, उठताच येत नाही. मी फ्लेक्स पाठवते."

सुनंदाच्या मागे पटांगणातला वारा ऐकू येत होता. मग ती बरं म्हणाली.

मी कागद ओढला, पेनचं टोपण काढलं आणि तिला विचारलं, "भिंत किती बाय किती आहे गं?"